तलावाची खोली कुठे जाते?

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाऊल टाकले की पाणी दिसण्याआधी त्याचा आवाज येतो. बोरी नदी दगडी बंधाऱ्यावरच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळते. एक ‘नर’, दुसरा ‘मादी’. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३च्या सुमारास, किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा छोटा किल्ला यांच्यामध्ये नदी अडवून तो बांधला गेला. महालाच्या खिडकीत उभे राहून समोर कोसळणारी धार अंग न भिजवता पाहता येते. बंधाऱ्यामागच्या पाण्यात गेल्या दशकात पर्यटकांच्या बोटीही आल्या. आता वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते भरून वाहू लागले की नर-मादी जागे होतात आणि धाराशिव जिल्ह्यातली माणसे मुलाबाळांसह तिथे धाव घेतात.

दगडी भिंत चारशे वर्षे टिकली. पण भिंत टिकली म्हणजे तिच्यामागची खोली टिकतेच असे नाही. बोटीसाठी, माशांसाठी आणि उन्हाळ्यातल्या घोटभर पाण्यासाठी लागते ती खोली. ती कशी हरवते, हे नीट समजून घ्यायला हवे.

वाहते पाणी माती उचलते, थांबलेले पाणी ती खाली ठेवते. मे महिन्यात आपली शेते नांगरून उघडी पडलेली असतात. जूनचा पहिला जोरदार पाऊस त्या उघड्या काळ्या मातीवर आपटतो आणि ओढ्याला गढूळ लोंढा येतो. तलावात शिरताच त्याचा वेग मरतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण शांत पाण्यात मीटरभर खाली जायला दोनेक मिनिटे घेतो, म्हणून वाळू तलावाच्या तोंडाशीच साचते. काळ्या मातीतला चिकणकण याच्या शंभरपट बारीक, एका मायक्रॉनचा असू शकतो. तेवढेच अंतर उतरायला त्याला सुमारे बारा दिवस लागतात. तो तरंगत भिंतीपर्यंत पोहोचतो आणि सावकाश तळाशी बसतो. दरवर्षी एक पातळ थर. वरून पाहणाऱ्याला तलाव तेवढाच भरलेला दिसतो, म्हणून हे नुकसान ध्यानात येत नाही.

ते किती मोठे, याचा साधा हिशेब मांडू. दहा हेक्टरांचा, सरळ काठांचा, चार मीटर खोल तलाव घ्या. त्यात चार लाख घनमीटर पाणी मावते. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रोज सरासरी पाच मिलिमीटर पाण्याची वाफ होते असे धरू. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती याहून बरीच जास्त असते. पाच मिलिमीटर म्हणजे या तलावातून रोज पाच लाख लिटर, दहा हजार लिटरचे पन्नास टँकर! आठ महिन्यांत पाण्याचा १.२ मीटर थर उडून जातो, म्हणजे साठ्याचा तीस टक्के भाग. आता याच तलावात दोन मीटर गाळ भरला असे समजा. पाणी निम्मे झाले, पण उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग तेवढाच राहिला. तोच १.२ मीटर आता साठ्याच्या साठ टक्के झाला. गाळ आधी पाण्याची जागा घेतो आणि मग उरलेल्या पाण्याचा मोठा वाटा उन्हाच्या हवाली करतो.

गाळाबरोबर खतेही येतात. शेतातले फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून उतरते, गावाचे सांडपाणी त्यात भर घालते. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसते, उथळ काठावर बेशरमाचे रान माजते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच तो ओढून घेते. म्हणून मासे बहुधा पहाटे मरून तरंगलेले दिसतात. मेलेले शेवाळ तळाशी कुजते, तिथला प्राणवायू संपतो आणि गाळात लोहाने धरून ठेवलेले फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटते. त्यामुळे सांडपाण्याचा नाला वळवला तरी तलाव काही वर्षे हिरवाच राहतो. नुसती जलपर्णी काढून भागत नाही ते यामुळेच.

उपाय आपल्या माणसांना ठाऊक आहेत. २०१७ साली राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. गाळ शेतकऱ्यांनी वाहून नेला, मुरमाड रानात पसरला. तलावाला जागा मिळाली आणि शेताला माती. यात एक पथ्य पाळलेच पाहिजे: मूळ तळ लागला की यंत्र थांबवायचे. तळाचा चिकणमातीचा थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून मुरूम उकरला तर साठवण तलावाचे पाणी खाली झिरपून जाते. पाझर तलावाचे काम याच्या उलट, जमिनीत पाणी मुरवण्याचे. तिथे बारीक गाळाने मिटलेली छिद्रे मोकळी होणे हाच फायदा.

तलावाच्या भिंतीसाठी घातलेल्या मातीच्या भरावावर वाढलेली झाडे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड वाळले की त्याची मुळे कुजतात, भरावात पोकळ वाटा पडतात आणि त्यांतून पाणी माती ओढून नेते. सांडवा मोकळा हवा. नाहीतर पूर भरावावरून जातो आणि एका रात्रीत तलाव संपतो.

तरी खरी राखण पाण्यापासून लांब, वरच्या शिवारात असते. बालाघाट डोंगराच्या उतारावरचे समतल चर, बांधावरचे गवत, नाल्यातले छोटे बंधारे हे सारे मातीला घरीच थोपवतात. वर माती अडली नाही, तर काढलेला गाळ काही पावसाळ्यांत परत येतो.

प्रत्येक गावाला यंदापासून करता येईल असे एक काम आहे. दर उन्हाळ्याच्या अखेरीस दोरीला दगड बांधून, ठरलेल्या चार-पाच जागी, भिंतीवरच्या एकाच खुणेपासून तळ किती खाली आहे ते मोजावे आणि ग्रामपंचायतीच्या वहीत लिहावे. शाळेतली मुले मोठ्यांच्या सोबतीने हे आनंदाने करतील. दहा वर्षांनी त्या वहीत तलाव किती उथळ झाला हे आकड्यांत दिसेल, आणि कुदळ कधी उचलायची हे सांगायला तलाव कोरडा पडण्याची वाट पाहावी लागणार नाही.