ओळखा पाहू: एम्परर एंजलफिश

शास्त्रीय नाव: पोमाकँथस इम्परेटर. निसर्गतज्ज्ञ ब्लॉखने केलेली नोंद, 1787.

पिल्लू: गडद निळं, अंगावर पांढरी एकात एक वर्तुळं. आईबापांशी काडीचं साम्य नाही! म्हणूनच 1801मध्ये ते निराळी जात ठरलं. निकोबारवरून वेगळं नावही मिळालं.

प्रौढ: निळ्या अंगावर पिवळे आडवे पट्टे, डोळ्यांवर काळा पट्टा, शेपटी पिवळी. लांबी 40 सें.मी.पर्यंत.

खूण: गालाजवळ मागे वळलेला काटा. दिसायला जवळच्या बटरफ्लायफिशला तो नसतो.

वस्ती: तांबडा समुद्र, पूर्व आफ्रिका ते प्रशांत महासागर, आपल्याकडे लक्षद्वीप, अंदमान. प्रवाळातल्या कपारी, गुहा. पिल्लं उथळ, आडोशाच्या पाण्यात.

आहार: मुख्यतः स्पंज.