मार्वे रोडवर फेरारी कशी चालते

जुलै २००२मध्ये इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरनं सचिन तेंडुलकरच्या हाती एका लाल फेरारीची किल्ली दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिननं २९वं कसोटी शतक झळकावून ब्रॅडमनशी बरोबरी केली होती, त्याबद्दलची ही भेट. गाडी होती फेरारी ३६० मोडेना. तिच्यावर १२० टक्के आयात शुल्क लागत होतं, म्हणजे सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारनं ते माफ केलं, त्यावरून वाद पेटला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी शुल्क फियाट कंपनीनं भरलं. २०११मध्ये सचिननं गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. राजेश मापुसकर यांचा ‘फरारी की सवारी’ हा चित्रपट २०१२चा, म्हणजे गाडी गेल्यावरही तिची गोष्ट इथेच राहिली.

शुल्क फियाटनं भरलं, कारण गाडी त्यांच्याच घरातली होती. १९६९मध्ये फियाटनं फेरारीची निम्मी मालकी घेतली होती. आणि फियाट मुंबईला परकी नव्हतीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली, तिचीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि २०२३च्या ऑक्टोबरपर्यंत ती काळी-पिवळी टॅक्सी म्हणून या शहरात धावली. सचिन ज्या फियाट पालिओची जाहिरात करायचा, तीही कुर्ल्यातच तयार व्हायची. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं. ३६० मोडेनाचं ३५८६ सीसीचं, ४०० अश्वशक्तीचं. इटालियन गाड्यांचा नाद असलेल्या मुंबईकरानं या दोन आकड्यांमधलं अंतर समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते फक्त इंजिनाच्या आकाराचं अंतर नाही. इंजिन सव्वातीन पट मोठं नि ताकद दहा पट, हे घडतं कसं?

त्यासाठी शर्यतमार्ग लागत नाही. मालाड स्टेशनच्या पश्चिमेला निघून ऑर्लेमवरून मार्वेला जायचं, तिथून डावीकडे वळून आयएनएस हमला, अक्सा, दानापानी, एरंगळ करत मढच्या जेट्टीपर्यंत पोचायचं. वर्सोव्याहून मढ खाडीपलीकडे समोर दिसतं, पण फेरीबोटीत दुचाकी चढते, चारचाकी नाही. मोटारीला मालाडचा वळसा चुकत नाही. या रस्त्यावर ३६०चा २९५ किलोमीटरचा वेग कुणाच्या उपयोगाचा नाही. तरीही या गाडीचा प्रत्येक भाग कशासाठी तसा घडवलाय, ते तीसच्या वेगात या एका रस्त्यावर स्पष्ट कळतं.

सुरुवात इंजिनाच्या जागेपासून. ३६०चं इंजिन बोनेटखाली नसतं. ते दोन आसनांच्या मागे आणि मागच्या आसाच्या पुढे, जवळजवळ गाडीच्या मध्यात बसतं, वरच्या काचेतून दिसतंही. मढ कोळीवाड्यातला कुठलाही नाखवा याचं कारण सांगेल: होडीत जड माल पुढच्या नाळेवर किंवा मागच्या वरामावर रचला तर ती वळायला जड जाते आणि वळली की थांबत नाही, तोच माल मध्यावर ठेवला की सुकाणूचं लगेच ऐकते. मोटारीतलं सर्वांत जड ओझं म्हणजे इंजिन. ते मध्याजवळ आणलं की गाडीचं तोंड फिरवायला कमी जोर लागतो आणि ते थांबवायलाही कमी. अक्साच्या पुढची वळणं घेताना स्टीअरिंग हललं आणि गाडी वळली यांत वेळच जात नाही, त्याचं मूळ इथे आहे. याची किंमत अशी की मागचं दिसणं कमी होतं, सामानाची जागा पुढे बोनेटखाली जाते, आणि इंजिनाची धग चालकाच्या पाठीशी येते.

आता त्या दहा पटींचं कोडं. इंजिनाची ताकद म्हणजे प्रत्येक स्फोटाचा जोर गुणिले दर मिनिटाचे स्फोट. स्फोटाचा जोर वाढवायला मर्यादा आहेत, म्हणून फेरारीनं दुसऱ्या बाजूवर मेहनत घेतली. ३६०चं इंजिन आपली पूर्ण ताकद मिनिटाला ८५०० फेऱ्यांवर देतं. एवढं फिरायचं तर हवा भराभर आत आली पाहिजे, म्हणून प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह आहेत, आठ सिलिंडरांना मिळून चाळीस. आणि आत फिरणारा क्रँकशाफ्ट हलका पाहिजे.

या क्रँकशाफ्टपाशी थोडं थांबायला हवं, कारण फेरारीचा आवाज इथे जन्मतो. नेहमीच्या व्ही-८ इंजिनात क्रँकशाफ्टचे चार क्रँक एकमेकांशी काटकोनात असतात. टोकाकडून पाहिलं तर अधिकचं चिन्ह दिसेल. त्यामुळे इंजिन गुळगुळीत चालतं, पण क्रँकवर जड प्रतिभार लावावे लागतात, आणि एकाच रांगेतले दोन सिलिंडर कधी कधी लागोपाठ पेटतात. त्यांचा धूर एकाच पाइपात एकमेकांना अडतो आणि तो घोगरा, गुरगुरता आवाज येतो. फेरारीच्या व्ही-८मध्ये चारही क्रँक एकाच पातळीत, १८० अंशांवर असतात. टोकाकडून पाहिलं तर एक सरळ रेघ. मग डावी रांग, उजवी रांग, डावी, उजवी असे स्फोट ठरावीक अंतरानं होतात. प्रत्येक पाइपातून धूर सारख्या लयीत निघतो आणि पुढचा झोत मागच्याला ओढून नेतो. जड प्रतिभार नकोत, म्हणून क्रँक हलका, म्हणून फेऱ्या झटकन चढतात. त्याबदल्यात कंप वाढतो. पिस्टन जितके मोठे तितका तो कंप मोठा.

त्या आवाजाचं गणितही करता येतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे आठ सिलिंडरांचे एका फेरीत चार स्फोट. मिनिटाला १००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ६७ स्फोट होतात. हा खर्ज सिग्नलला उभ्या गाडीतून येतो. ८५०० फेऱ्यांवर ते ५६७ होतात. पेटीवर काळी एकचा एक वरचा षड्ज सेकंदाला ५५४ कंपनांच्या आसपास असतो. म्हणजे फेरारी पूर्ण फेऱ्यांवर त्या षड्जाच्या किंचित वर लागते. मला हे कळलं तेव्हा त्या आवाजाबद्दलचं प्रेम दुणावलं. मढच्या रस्त्यावर तो षड्ज ऐकू येणार नाही आणि येऊही नये. पण खर्जापासून वर चढणारी पहिली मींड रिकाम्या सकाळी दुसऱ्या गिअरमध्ये ऐकता येते.

गिअरची गोष्ट मालाडच्या गर्दीतच समजते. १९८९मध्ये फेरारीनं फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलायची पद्धत आणली, आणि त्या गाडीनं तिची पहिलीच शर्यत ब्राझीलला नायजेल मॅन्सेलच्या हातून जिंकली. १९९७मध्ये एफ ३५५ मधून ती रस्त्यावर आली, ३६०लाही ती मिळायची. आत गिअरबॉक्स साधाच, क्लच एकच. फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं यंत्र करतं आणि हुकूम संगणक देतो. तो क्लच जलद बदलासाठी आहे, रांगण्यासाठी नाही. ऑर्लेमच्या रांगेत वीतभर पुढे, थांबा, परत वीतभर असं चाललं की क्लच अर्धवट घसरत राहतो, तापतो आणि झिजतो. म्हणून जाणकार चालक पुढच्या रिक्षाच्या मागे चिकटत नाही. जागा होऊ देतो, मग एकदाच क्लच पूर्ण लागेल अशी गाडी सोडतो, आणि थांबल्यावर न्यूट्रल करतो. २००८च्या कॅलिफोर्निया मॉडेलपासून फेरारीनं दोन क्लच दिले, एक विषम गिअरांना आणि एक सम गिअरांना. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो. गर्दीतला त्रास त्यानंतर पुष्कळ कमी झाला.

याच गर्दीत गाडीच्या तोंडाकडे पाहा. ३६०ला मध्ये जाळी नाही, फक्त दोन कोपऱ्यांत दोन तोंडं आहेत. रेडिएटर त्या कोपऱ्यांत ठेवले आणि मधली हवा गाडीच्या पोटाखालून मागच्या चढत्या पन्हळींकडे सोडली. वेगात ही हवा खाली दाब कमी करते आणि गाडीला रस्त्यावर दाबून धरते. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण वेगाला सुमारे १८० किलो इतकं. मालाडला मात्र हवा येतच नाही. तिथे सगळी भिस्त पंख्यांवर, म्हणून मुंबईत पंखा आणि कूलंट यांची तपासणी इंजिनाइतकीच महत्त्वाची.

आणि मग स्पीडब्रेकर. यावर लोक हसतात, मला त्यात भूमिती दिसते. इंडियन रोड काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा. ३६०च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २.६ मीटर. म्हणजे चारही चाकं एकाच वेळी त्या कमानीवर मावतात, आणि चाकांच्या मधल्या पोकळीत कमान फक्त ५ सेंटिमीटर वर येते. पोट सहज सुटतं. घोळ होतो तो गल्लीच्या तोंडाशी घातलेल्या आखूड, उभ्या उंचवट्यांवर. पुढची चाकं उतरलेली, मागची चढलेली नाहीत, आणि सगळी उंची थेट पोटाखाली. अशा ठिकाणी गाडी तिरकी न्यायची. एकेक चाक चढतं आणि कड पोटाखालून जाताना एखादं चाक वरच असतं, त्यामुळे गाडी त्या कोपऱ्यात उचललेली राहते. तिरकं जायला सबंध रस्ता लागतो, म्हणून समोरून मढ जेट्टीची २७१ नंबरची बस येत असेल तर आधी ती जाऊ द्यावी. नव्या फेरारी आणि लँबोर्गिनीत बटण दाबलं की नाक सुमारे ४० मिलिमीटर उचलणारी सोय मिळते. भारतात घ्यायची तर मी ती आधी निवडीन, रंग नंतर.

एरंगळच्या पुढे वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास येऊ लागला की गाडीचा खरा शत्रू जवळ आला असं समजावं: खारा वारा. ३६०चा सांगाडा अल्युमिनियमचा आहे. अल्कोआ कंपनीच्या साथीनं बनलेला हा सांगाडा आधीच्या एफ ३५५पेक्षा २८ टक्के हलका आणि ४० टक्के ताठ होता. अल्युमिनियमला हवेत आपोआप ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातला क्लोराइड तो थर फोडतो. त्यात अल्युमिनियमला पोलादी बोल्ट टेकलेला असेल आणि दोहोंमध्ये खारट ओल असेल, तर तिथे छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते अल्युमिनियम. वरचा रंग चकचकीत राहतो आणि सांध्यात आतून पांढरी भुकटी धरते.

ब्रेकचंही तसंच. ३६० मोडेनाच्या तबकड्या लोखंडाच्या. मढला एक रात्र उभी केली तर सकाळी त्यांवर तांबूस गंज दिसतो. तो पहिल्या काही हलक्या ब्रेकांत निघून जातो, त्याला घाबरायचं कारण नाही. २००३च्या ३६० चॅलेंज स्ट्रॅडालेमध्ये आलेल्या कार्बन-सिरॅमिक तबकड्या गंजत नाहीत, पण एकेक बदलायला घर विकावं लागेल असं वाटावं इतक्या महाग.

महाग म्हटलं तर एकूण हिशेबही पाहू. ४० हजार डॉलरांवरच्या संपूर्ण आयात गाडीवर २०२५मध्ये शुल्क आणि कृषी उपकर मिळून ११० टक्के लागत होते. म्हणजे बंदरात एक कोटीची गाडी २ कोटी १० लाखांची झाली. त्यावर सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी, म्हणजे २ कोटी ९४ लाख. वर महाराष्ट्राचा वाहन कर, ज्याची कमाल मर्यादा २०२५मध्ये २० लाखांवरून ३० लाख झाली. सचिनच्या गाडीवरून एवढा वाद का झाला, ते या बेरजेवरून कळावं.

एवढा पैसा नसेल तरी नाद सोडायचं कारण नाही. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात २०१५मध्ये फियाटनं अबार्थ पुंटो बनवली: १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ अश्वशक्ती, किंमत दहा लाखांच्या आत. ती आता जुन्या बाजारातच मिळते. तिच्यातही स्टीअरिंगचं बोलणं आहे, आणि मढच्या रस्त्याला ती फेरारीपेक्षा जास्त सोसते.

जुनी इटालियन गाडी घेताना किलोमीटर पाहून हुरळू नका. ३६०च्या इंजिनात वेळेचे पट्टे (टायमिंग बेल्ट) रबरी आहेत आणि रबर वर्षांनी म्हातारं होतं, अंतरानं नाही. वर्षातून चार वेळा चाललेल्या गाडीचेही पट्टे साधारण तीन वर्षांनी बदलावे लागतात. ते तुटले तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. ३६०मध्ये इंजिन न उतरवता आसनांमागचं झाकण काढून ते बदलता येतात, ही तिच्या बांधणीतली मोठी दया. नंतरच्या एफ ४३०मध्ये पट्ट्यांऐवजी साखळी आली.

मढहून परत आल्यावर गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, पोटाखालून आणि चाकांच्या कमानींतून आधी, छतावरून नंतर. मग थोडी फिरवून ब्रेक वाळवा. ओल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर कधीही घालू नका. मीठ आणि ओल त्याखाली कोंडली जाते. पंधरा दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीला देखभालीचा चार्जर लावा आणि टायरांत हवा पूर्ण ठेवा, म्हणजे ते एका जागी चपटे होत नाहीत.