खुर्ची उलटी करून पाहा



आजचा विषय सीमेवरचा नाही, घरातला आहे. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचे कागद कसे भरायचे, मेडिकल कार्ड कुठे काढायचं, हे सगळं आम्हाला व्यवस्थित समजावून सांगतात. खुर्ची कशी विकत घ्यायची, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि ३४ वर्षांच्या नोकरीत मी एकही खुर्ची विकत घेतलेली नव्हती.

फौजेत क्वार्टरबरोबर फर्निचरही मिळतं. पलंग, जेवणाचं टेबल, खुर्च्या, बेताचा सोफा. प्रत्येक वस्तूवर रंगानं नंबर घातलेला असतो. बदली झाली की घर सोडण्यापूर्वी मोजणी होते, तेव्हा आम्ही एकेक खुर्ची उलटी करून नंबर दाखवायचो. आपलं स्वतःचं जे काही असेल ते काळ्या ट्रंकांमध्ये. त्याच ट्रंका भिंतीला ओळीनं लावायच्या, वर गादी आणि चादर टाकायची, की झाला दिवाण. अशी १९ घरं झाली. आमच्या सौभाग्यवतींनी कधी तक्रार केली नाही. एकच म्हणायच्या, “अहो, शेवटचं घर मात्र माझ्या पसंतीच्या सामानाचं हवं.”

शेवटचं घर आणि पहिली चूक

आम्ही डेहराडूनला तळमजल्यावर फ्लॅट घेतला. मग एका मोठ्या दुकानात गेलो. चकचकीत मजले, गार हवा, पाणी विचारणारा मुलगा. पलंग, दोन कपाटं, जेवणाचं टेबल आणि सोफा असं सगळं एका दुपारीत घेतलं. सव्वादोन लाख रुपये झाले. बिलावर ‘शीशम फिनिश’ असं लिहिलेलं होतं. मी त्यातला पहिला शब्द वाचला, दुसरा वाचला नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात कपाटाची खालची कड पुरीसारखी फुगली. दिवाळीच्या आधी पलंगाची एक बाजू खाली बसली. ओळखीच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पलंग उभा केला, खालची बाजू माझ्याकडे फिरवली आणि बोटानं एक कोपरा दाबला. भाकरीचा तुकडा मोडावा तसा तो मोडला. म्हणाले, “साहब, इसमें पेच दोबारा नहीं पकड़ेगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून आलो, तर सौंनी माळ्यावरच्या चार ट्रंका खाली काढून घेतल्या होत्या आणि त्यांवर गादी घालत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ३४ वर्षं खुर्च्या उलट्या केल्या, पण फक्त नंबर वाचण्यासाठी. स्वतःच्या पैशानं घेताना एकही उलटी करून पाहिली नव्हती.

खालच्या बाजूला काय दिसतं?

आमच्या पलंगात होता तो पार्टिकल बोर्ड. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा चिकटद्रव्यात मिसळून, दाबून त्याची फळी करतात आणि वर लाकडासारखा दिसणारा कागद किंवा सनमायका लावतात. एमडीएफ हा त्याचाच भाऊ, त्यात लाकडाचे तंतू अधिक बारीक असतात. या वस्तू म्हणजे फसवणूक नव्हे. कोरड्या हवेत, हलक्या कामाला आणि कमी पैशांत त्या चालतात. पण कडेनं पाणी शिरलं की त्या फुगतात आणि पुन्हा पूर्वीसारख्या होत नाहीत. एकदा पेच निसटला की त्या भोकात दुसऱ्यांदा घट्ट बसत नाही. म्हणजे ज्याला दर दोन वर्षांनी सामान हलवायचं आहे, त्याच्यासाठी त्या नव्हेत.

प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते जास्त टिकतं. त्यावर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० असा शिक्का शोधा. ३०३ मध्ये दोन प्रकार येतात. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारं, बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला अधिक दाद न देणारं. ७१० हे मरीन प्लाय. तळमजल्यावर, स्वयंपाकघरात आणि कोकण-गोव्यासारख्या हवेत हा फरक पैशांपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

आता अस्सल लाकूड. इथे आपल्या मराठी माणसाची एक गफलत होते. उत्तरेतलं शीशम आणि आपलं शिसव ही दोन वेगळी झाडं आहेत. आजीच्या काळ्याभोर पाटाचं ते शिसव. शीशम हे त्याच कुळातलं, पण तपकिरी आणि सोनेरी रेघांचं. ते कठीण आणि जड असतं आणि त्याच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. बाहेरचा फिकट, पिवळसर भाग मात्र किडीला आवडतो. टेबलाच्या पायात असा फिकट पट्टा दिसला आणि तो गडद पॉलिशखाली लपवलेला असला, तर पुढे बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसायला लागते. आंब्याचं लाकूड स्वस्त आणि हलकं असतं. नीट वाळवून, कीडनाशक प्रक्रिया करून घेतलेलं असेल तर तेही चांगलं. लाकूड ओलं असताना वस्तू बनवली की पुढे ते आकसतं, सांधे सैल होतात आणि फळीला तडा जातो. चांगल्या कारखान्यात ओल मोजायचं छोटं यंत्र असतं. ८ ते १२ टक्क्यांच्या आत आकडा असला की काळजी नाही. दुकानदाराला मोजून दाखवायला सांगायला संकोच करू नका.

शेवटी सांधा. नुसते खिळे, पिना आणि डिंक, की एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली? तिकडचे मिस्त्री त्या जिभेला ‘चूल’ म्हणतात. चूल बसवलेली खुर्ची वीस वर्षांनी डुगडुगायला लागली तरी उघडून पुन्हा घट्ट करता येते. वस्तू परवडते की नाही, हे मी आता यावरून ठरवतो. दुरुस्त न होणारी वस्तू कितीही स्वस्त मिळाली तरी ती दोनदा घ्यावी लागते.

मॉडर्न म्हणजे परदेशी?

माझी समजूत होती की साध्या, सरळ रेषांचं आधुनिक फर्निचर हे युरोपचं, आणि आपलं ते नक्षीकामाचं. ही समजूत एका खुर्चीनं मोडली. जुन्या मेसच्या व्हरांड्यात मी त्या खुर्चीत कित्येकदा बसलो होतो, पण तिचं नाव मला निवृत्तीनंतर कळलं. रुडकी चेअर.

रुडकी आमच्यापासून दोन तासांच्या अंतरावर आहे. बेंगॉल सॅपर्सचं केंद्र तिथेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला छावणीत नेण्यासाठी ही खुर्ची वापरात आली. चार पाय, त्यांना जोडणारे दांडे, कॅनव्हासची बैठक आणि चामड्याचे पट्टे. खिळा नाही, डिंक नाही. दांड्यांची टोकं निमुळती आणि पायातली भोकंही निमुळती, त्यामुळे माणूस बसला की त्याच्याच वजनानं सांधे आवळले जातात. जमीन खडबडीत असली तरी चारही पाय टेकतात, कारण सांधे थोडे हलू शकतात. पट्टे सोडले की सगळी खुर्ची एका पिशवीत मावते. डेन्मार्कचे कारे क्लिंट यांनी १९३३ मध्ये हिच्यावरून ‘सफारी चेअर’ तयार केली, आणि आज जगभर ती आधुनिक फर्निचरचा नमुना म्हणून ओळखली जाते. आमच्या छावणीतलीच ती खुर्ची.

चंडीगडचीही अशीच गोष्ट आहे. तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या मोडीत निघाल्या, भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशी लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. तेव्हा कुठे त्यांच्या जतनाचे आदेश निघाले. दारातली वस्तू ओळखायला आपल्याला बाहेरच्याचा भाव लागतो, एवढंच मी म्हणेन.

सहारनपूरचं टेबल

मिस्त्रींनीच सहारनपूरचा पत्ता दिला. डेहराडूनहून गाडीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. हे गाव लाकडावरच्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून लोक तिथून जाळीदार पडदे आणि कोरलेल्या पेट्या आणतात. पण तेच हात साधं टेबलही करतात, आणि नक्षीची मजुरी नसल्यामुळे ते स्वस्त पडतं. आम्ही कागदावर मापं लिहून नेली. टेबलाची उंची ७५ सेंटिमीटर, खुर्चीची बैठक ४५. दोन्हींत ३० सेंटिमीटरचं अंतर असलं की जेवताना खांदे आखडत नाहीत, आणि ४५ पेक्षा खोल खुर्चीतून आमच्या वयाच्या गुडघ्यांना उठवत नाही.

शीशमचं टेबल आणि चार खुर्च्या वाहतुकीसह ३१ हजारांत झाल्या. दुकानातल्या तशाच आकाराच्या टेबल-खुर्च्यांना आम्ही ६८ हजार मोजले होते. कारागिराला मी विचारलं, “उलटी करून पाहू?” त्यांनी हसून स्वतःच खुर्ची उलटी करून दिली. सौंनी खाली वाकून सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ही घ्यायची.”

हातमजुरीचा भाव

एकदा दिल्लीहून बरेलीला जाताना गढमुक्तेश्वरला रस्त्याच्या कडेला मुढे दिसले. सरकंड्याच्या काड्या आणि दोरीनं विणलेले. हलके, मजबूत, पाठीला वारा लागू देणारे. दोन घ्यायचे ठरले आणि मी सवयीनं घासाघीस सुरू केली. शंभर रुपये कमी करा म्हटलं. विणणाऱ्या बाई म्हणाल्या, एका मुढ्याला दोन दिवस जातात. सौ हळूच म्हणाल्या, “त्या दुकानात तुम्ही एक रुपया तरी कमी करायला सांगितला होता का?” नव्हता सांगितला. मी सांगितले ते पैसे दिले. ते मुढे आज आमच्या व्हरांड्यात आहेत.

हस्तकलेच्या वस्तूचा माझा निकष आता एकच आहे. ती रोज वापरता येते का? मणिपूरच्या पोस्टिंगहून आणलेलं लोंगपीचं काळं भांडं आमच्याकडे आहे. दगडाची पूड आणि माती मळून, चाकाशिवाय, नुसत्या हातानं घडवलेलं. ते थेट आचेवर चालतं. वर्षानुवर्षं ते काचेच्या कपाटात होतं. आता त्यात वरण शिजतं.

तुम्ही कुठेही असा, जवळपास असं काहीतरी असतंच. बडोदेकरांना संखेडा जवळ आहे, लाखेच्या रंगांचं कातीव सागवानी फर्निचर तिथलं. बेंगळुरूजवळ चन्नपट्टण, हैदराबादकरांना वरंगळच्या सतरंज्या, धारवाडकरांना नवलगुंदच्या, आणि गोव्याच्या वेशीवर आपली सावंतवाडी.

जाताना लक्षात ठेवा

एक, मापं लिहून न्या, आणि दाराची व लिफ्टची रुंदीही.
दोन, बिलावर लाकडाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. ‘फिनिश’ हा शब्द रंगाबद्दल असतो, लाकडाबद्दल नसतो.
तीन, सोफ्याच्या फोमची डेन्सिटी विचारा. रोजच्या बसण्याला ३२ किंवा ४० ठीक. त्याहून हलका फोम लवकर बसतो.
चार, खुर्चीत निदान दहा मिनिटं बसा.
पाच, वस्तू उलटी करून पाहा. दुकानदारानं नको म्हटलं, तर नमस्कार करून बाहेर पडा.

आमच्या ट्रंका अजून आहेत. मध्यंतरी मी म्हटलं, आता देऊन टाकू. सौ म्हणाल्या, राहू द्या, त्यांच्या खाली काही लपवलेलं नाही. त्यांवर मिर्झापूरची सतरंजी घातली आहे आणि आमचा नातू तिथे दुपारी झोपतो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.