गोफ जपानचा, हात आपले

लेकीची तिपेडी वेणी घालणाऱ्या प्रत्येक माऊलीचे गोफ विणण्याचे निम्मे शिक्षण आधीच झालेले असते. तीन पेडांऐवजी सात-आठ रंगीत धागे घ्या, की झाली जपानी ‘कुमिहिमो’. कुमि म्हणजे गुंफणे, हिमो म्हणजे दोरी. गोव्यात आणि कोकणात गोफ नाचताना नाचणारे रंगीत पट्ट्या धरून एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि डोक्यावर गोफ विणला जातो. जपानी कारागीर हाच नाच बोटांनी करतो. गोल लाकडी चौरंगावर धागे पसरायचे, टोकांना वजनदार रिळे लावायची आणि समोरासमोरचे धागे ठरल्या क्रमाने फिरवायचे.

या दोरीशी आपले जुने नाते आहे. सहाव्या शतकात बौद्ध धम्म कोरियामार्गे जपानात पोहोचला. दोऱ्या गुंफण्याची विद्याही चीन-कोरियाकडूनच तिकडे गेली. धम्मग्रंथांच्या गुंडाळ्या अशा दोऱ्यांनी बांधत. नारा शहरातील शोसोइन या भांडारात आठव्या शतकातील दोऱ्या आजही जपून ठेवल्या आहेत. मात्र दोरा मनगटाला बांधला म्हणून संकट टळते, असे कोणी समजू नये. दोरीची किंमत ती विणणाऱ्या हातांत आहे.

पुढे या दोऱ्या योद्ध्यांच्या चिलखतांना आणि तलवारींना लागू लागल्या. 1876 साली सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि कारागिरांचे मोठे गिऱ्हाईक गेले. तेव्हा ते किमोनोच्या कमरपट्ट्यावर बांधायच्या दोऱ्यांकडे वळले. इगा हे गाव त्यासाठी आजही प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक बदलले, पण विद्या हातात राहिली.

आपल्याकडे काय झाले? दोर वळणे हे मातंग बांधवांवर जातीने लादलेले काम. कसब त्यांचे, पण मोबदला ठरवणार गाव. रोह्याच्या दक्षिणेस, मांदाडजवळच्या कुडा लेण्यांत मात्र माळ्याच्या घरच्या आणि लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचे शिलालेख आहेत. तिथे कामकरी माणसाचे नाव दगडावर मानाने कोरले गेले. म्हणून आम्हांस वाटते, हातकाम हलके नसते. ते लादणे आणि त्याचे मोल दुसऱ्याने ठरवणे, हे हलके.

आता घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्याची तळहाताएवढी चकती कापा. मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक पाडा. कडेला सारख्या अंतरावर आठ खाचा द्या. हव्या लांबीच्या दुप्पट असे सात धागे घेऊन एका टोकाला गाठ मारा. गाठ भोकातून खाली सोडा आणि सात खाचांत एकेक धागा अडकवा. आठवी खाच रिकामी राहील. ती आपल्याकडे धरा. तिच्या उजवीकडचा तिसरा धागा उचला, दोन धाग्यांवरून आणा आणि रिकाम्या खाचेत बसवा. नवी रिकामी खाच आपल्याकडे फिरवा आणि पुन्हा तेच करा. खाली गोफ उतरू लागेल, त्याला हलका ताण द्या. दिशा बदलू नका. मध्येच उठावे लागले तरी रिकामी खाच कुठून सुरुवात करायची ते सांगते. शिवणाच्या उरलेल्या लोकरीवर मुलेसुद्धा शिकतील. चाव्यांना, पिशवीला, ओळखपत्राला, वहीत खूण म्हणून हा गोफ शोभतो.

शेवटचे सांगणे हिशेबाचे. पेणचे पोह्याचे पापड घराघरांतल्या बायकांनी नावारूपाला आणले. पण घरबसल्या कामात वेळ मोजायची सवय नसते. धाताव वसाहतीत पाळीवर जाणारा कामगार आपले तास जाणतो. त्याच्या घरातली बाई मात्र ‘बसल्या बसल्या केले’ म्हणते. भगिनींनो, पहिला गोफ विणाल तेव्हा घड्याळ जवळ ठेवा. धाग्याचा खर्च लिहा, त्याखाली लागलेला वेळ लिहा आणि त्यावर आपल्या मजुरीचा आकडा स्वतःच्या हाताने मांडा. कोणी डझनाच्या भावाने मागितले, तर तो कागद पुढे करा. भाव जमला नाही, तर गोफ लेकीला द्या. तिला विद्या मिळेल आणि तिच्या आईने ‘नाही’ म्हटलेलेही ती पाहील.