नऊवारी घालायची की नेसायची?

या भागाचा विषय तुमच्यापैकीच काही जणींनी सुचवलाय. लग्नसराई आली की प्रश्न ठरलेला असतो: "नऊवारी घ्यायचीय, शिवलेली घेऊ का?" बोईसर-पालघरला राहणाऱ्या, तारापूर एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या, डहाणू लोकलने रोज ये-जा करणाऱ्या मुलींचा हा प्रश्न आहे. आणि तो नुसता फॅशनचा नाही. आजी असते साताऱ्याला नाहीतर धुळ्याला, आई पाचवारीवाली, आणि आपण इथे टू-बीएचकेत आरशासमोर. शिकवणार कोण?

आधी भाषेची एक गंमत बघा. मराठीत आपण शर्ट घालतो, पण साडी नेसतो. धोतर नेसतो, फेटा बांधतो, पदर घेतो. जे शिवून तयार आहे ते घालायचं, आणि जे सपाट कापड आहे, ज्याला अंगावर आकार द्यायचाय, ते नेसायचं. शिवलेली नऊवारी पँटसारखी पायात चढवायची, कमरेला नाडी किंवा हूक, झालं. म्हणजे ती आपण घालतो. नेसत नाही.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही हं. स्कॉटलंडचा किल्ट फोटोत सगळ्यांनी पाहिलाय, पुरुषांचा चौकड्यांचा, चुण्यांचा घागरा दिसतो तो. तोसुद्धा आधी नेसायचंच वस्त्र होता. भलंमोठं न शिवलेलं लोकरी कापड घ्यायचं, त्याला रोज हाताने चुण्या घालायच्या, वरून पट्टा आवळायचा आणि उरलेलं खांद्यावर टाकायचं. थंडी वाजली की तेच पांघरूण. 1746 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून पुरुषांच्या या हायलँडी पोशाखावर बंदी घातली, ती उठली 1782 मध्ये. अठराव्या शतकाच्या शेवटाकडे चुण्या शिवलेला किल्ट रूढ होत गेला. आजही पूर्ण घेराच्या किल्टला आठ वार कापड लागतं म्हणतात. म्हणजे त्यांची आठवारी! पण ती आता बहुतेक जण घालतात. पट्टा लावून नेसणारे हौशी लोक आहेत, थोडे.

आपल्याकडे मात्र नेसणाऱ्या बाया अजून आजूबाजूला आहेत. सातपाटीच्या मासळी बाजारात जा. तिथल्या जुन्या बायकांचं लुगडं बघा: पायांत घट्ट, गुडघ्याच्या आसपास संपणारं, मागे काष्टा. कोळणींच्या पारंपरिक पद्धतीत लुगडं कमरेखालीच, वर चोळी आणि अंगावर वेगळी फडकी. चिखलात, पाण्यात, डोक्यावर पाटी घेऊन चालायचं तर पायात घोळ चालत नाही. तिकडे जव्हार-डहाणूच्या बाजूला वारली म्हाताऱ्या गुडघ्यापर्यंत लुगडं नेसतात. शेतात लावणी करताना पाय मोकळे हवेत ना. आणि आपण लग्नात मिरवतो ती घोट्यापर्यंतची, निऱ्यांची नऊवारी ही त्याच कापडाची तिसरी तऱ्हा. कापड एकच, कामाप्रमाणे नेसण बदलते. शिवलेल्या नऊवारीत नेमकं हेच जातं. ती एकाच मापाची, एकाच तऱ्हेची राहते. वजन चार किलो वाढलं की कपाटात.

शिवलेली वाईटच, असं माझं म्हणणं नाही. गॅदरिंगला तीन मिनिटांत कपडे बदलून लावणीला उभं राहायचं असेल तर तीच बरी. पण एका लग्नासाठी चांगली साडी कापून, शिवून घ्यायची आणि मग ती दुसऱ्या कुणालाच होत नाही, हे मला पटत नाही. न कापलेली साडी बहिणीला होते, वहिनीला होते, उद्या मुलीला होते.

आता खरेदी. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. नेहमीची साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते, ब्लाउजपीस धरून थोडी जास्त. दुकानात "नऊवारी" म्हणून दाखवलेली प्रत्येक साडी पूर्ण मापाची असेलच असं नाही, म्हणून लाजू नका, मोजून मागा. ब्लाउजपीस त्या मापातच धरलाय का तेही विचारा. तो कापला की साडी तेवढी आखूड होते. उंच किंवा अंगाने भरलेल्या मुलींनी तर हे बघायलाच हवं. दुसरी गोष्ट पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. कमरेपासून घोट्यापर्यंत धरून बघा आणि वर वीतभर जास्तीचं आहे ना ते पाहा, कारण काष्टा मागे ओढला की साडी वर चढते.

पहिली साडी सुतीच घ्या. सिंथेटिक घसरते, गाठ सुटते, आणि मग आपल्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. इचलकरंजीची साधी सुती लुगडी शिकायला उत्तम. त्या गावात यंत्रमाग आला 1904 मध्ये, आणि पुढे सुती साड्यांसाठी ते गाव ओळखलं गेलं. थोडा जास्त खर्च करायचा असेल तर इरकल. ती मूळची कर्नाटकातल्या इळकल गावची. तिचा लाल पदर वेगळ्या ताण्याचा असतो आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात. पैठणी शिकण्यासाठी नकोच. आणि कोरी साडी लगेच नेसू नका. एक-दोनदा धुतली की खळ जाते, कापड मऊ पडतं, अंगाला बसतं. पहिल्या धुण्याला वेगळी भिजवा, रंग जातो.

आणि हो, परकर लागत नाही! नऊवारी दोन्ही पायांत विभागली जाते, परकर घातला तर काष्टाच जाणार नाही. आत सायकलिंग शॉर्ट्स घाला, पुरे.

आता फोन टेकवून ठेवा आणि साडी हातात घ्या. पद्धती अनेक आहेत, ही त्यातली शिकायला सोपी.

साडी पाठीमागून कमरेभोवती आणा. पदर नसलेलं टोक डाव्या बाजूने पुढे येईल, पदराकडची लांब बाजू उजवीकडून. डावीकडचं टोक गाठ मारून थोडं उरेल इतकंच ठेवा. दोन्हीकडचे वरचे काठ बेंबीशी आणून घट्ट गाठ मारा. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, पुढचं सगळं वजन या गाठीवर आहे. पहिल्यांदा भीती वाटते म्हणून बऱ्याच जणी कमरेला नाडी बांधून तिच्यात खोचतात. चालेल.

आता निऱ्या करायच्या आधी पदर. लांब बाजूचं टोक धरा, डाव्या कमरेवरून पाठीमागे न्या, उजव्या काखेखालून पुढे आणा आणि डाव्या खांद्यावर टाका. हवा तेवढा लांब सोडा, एक पिन लावा. गाठीपाशी आता समोर बरंच कापड ढगळ उरलं असेल. ते निऱ्यांसाठी आहे. सारख्या मापाच्या निऱ्या घाला, वरून सरळ करा, गाठीच्या आत खोचा.

मग काष्टा. घोळ होतो तो इथेच. पाय थोडे फाकवून उभ्या राहा. वाका, निऱ्यांच्या खालच्या काठाचा मधला भाग पकडा आणि दोन्ही पायांमधून मागे न्या. मागे काठ वर येईल असा सपाट करा, लहान चुण्या घाला आणि पाठीच्या मध्यावर कमरेत खोचा. ओढताना आरशात पुढे बघा: एक पाय उघडा पडतोय का? पडत असेल तर पकडलेला भाग मध्यावर नाही. सोडा, पुन्हा पकडा. पुढे पोटाशी जे कापड फुगतं तो ओचा. पूर्वी बाया त्यात फुलं, शेंगा, काय काय भरायच्या. तुमचा मोबाइल मात्र त्यात ठेवू नका, पडतो.

बसून बघा. उकिडवं बसा, जिने चढा, पाय लांब टाकून चाला. पोटरी दिसली तर काष्टा जरा सैल करा, चालताना अडखळलात तर आवळा. पहिल्या वेळी अर्धा तास जाईल, पाच-सहा वेळा केलं की दहा मिनिटांत होतं. लग्नाच्या दिवशी सकाळी पहिला प्रयोग करू नका एवढंच. आठवडाभर आधी, रविवारी, घरात नेसून स्वयंपाक करा. कुठे सुटते ते लगेच कळतं.

आणि शेजारी कोळीवाड्यातल्या किंवा गावाकडच्या कुणी मावशी असतील तर एकदा त्यांच्यासमोर नेसून दाखवा. त्या हसतील, मग उठून स्वतः काष्टा ओढून देतील. त्यांचा हात कुठे जातो ते नीट बघा, जमलं तर परवानगी घेऊन व्हिडिओ काढा. त्यांची पद्धत माझ्यापेक्षा वेगळी निघाली तर त्यांचीच शिका.

मुलांनो, तुमचे मेसेजही आलेत, "आमच्या धोतराचं काय?" तिथेही शिवलेलंच खपतंय म्हणे. पुढच्या भागात धोतर घेऊन बसू. एक जुनी सुती चादर तयार ठेवा.