खाडा पडला तरी रतीब चालू

१ जानेवारीच्या पहाटे शहरातल्या बागा आणि मैदानं कशी फुललेली असतात. नवे कोरे बूट, नवी पाण्याची बाटली, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. संक्रांतीचा तिळगूळ वाटून होईतो यातली निम्मीअधिक मंडळी पुन्हा पांघरुणात असतात आणि स्वतःला आळशी ठरवून मोकळी होतात. आळस थोडाफार असेलही, पण खरी खोट बहुतेकदा संकल्पाच्या बांधणीत असते. आवाक्याबाहेरचं काम ठरवायचं, ते दिवसातल्या कशालाही जोडायचं नाही आणि एक दिवस चुकलाच तर काय, हे आधी ठरवायचं नाही, असं केलं की तो संकल्प कोसळणारच.

मुहूर्त लागतोच का?

मुहूर्ताने फरक पडतो, असं दिसतं. अमेरिकेतल्या हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेकडे जास्त वळतात. नवं पान उलटलं की मागचा गिचमिडा आपला वाटत नाही. मात्र मुहूर्त फक्त सुरुवात करून देतो, पुढचं काम त्याचं नाही.

एकवीस दिवसांची कहाणी

‘एकवीस दिवस करा, सवय लागेल’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर दर डिसेंबरात फिरतं. त्याचं मूळ न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांच्या १९६० च्या पुस्तकात सापडतं. शस्त्रक्रियेनंतर आरशातल्या नव्या चेहऱ्याला सरावायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे त्यातला ‘निदान’ गळाला आणि चेहराही गळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक साधं काम ठरावीक प्रसंगी करायला सांगितलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, काम आपसूक होऊ लागायला लागणारा मध्यम काळ ६६ दिवसांचा. पण कुणाचं १८ दिवसांत जमलं, तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी कामं लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला त्याच्या साधारण दीडपट वेळ लागला. म्हणजे शेजारच्याचं महिन्यात जमलं आणि आपलं मार्चातही जमेना, यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चातुर्मासाकडे पाहू

आपल्याकडे सवय लावण्याची एक जुनी, चांगली घासूनपुसून झालेली पद्धत आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत धरलेला नेम. कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. म्हणून तर त्याआधी कांदेनवमीला भज्यांचा घाणा निघतो. कुणी जेवताना मौन पाळतं, कुणी ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या वाचतं, कुणी रोज थोड्या थोड्या वाती वळून लाखाचा संकल्प पुरा करतं. धर्माचा भाग क्षणभर बाजूला ठेवून नुसती रचना पाहावी. नेम एकच. करायचं काय ते नेमकं माहीत. वेळ घड्याळाची नाही, तर अंघोळ झाली की पोथी आणि पोथी झाली की चहा, अशी कामाला काम बांधलेली. आणि शेवट आधीच ठरलेला, तोही उद्यापनाचं गोडधोड करून. ‘आता आयुष्यभर’ असा धसका त्यात नाही.

कामाला काम बांधण्याचं हे तंत्र मानसशास्त्रातही आहे. पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं की ‘मी व्यायाम करीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं ठरवणाऱ्यांच्या हातून काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते.

जुन्या नेमातलं सगळंच उचलण्यासारखं नाही. नेम मोडला तर पाप, ही भीती नकोच. शिवाय नेम धरायच्या बहुतेकदा घरच्या बायका. बिनकांद्याचा आपला स्वयंपाक वेगळा, बाकीच्यांचा वेगळा, आणि त्यासाठीचा वेळ काढायचा स्वतःच्या झोपेतून. ज्या सवयीचा भार असा झोपेवर पडतो, ती टिकाऊ समजू नये.

काम केवढं लहान हवं?

हसू येईल इतकं. गॅसवर चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटेपर्यंत तीन-चार मिनिटं आपण नुसते उभे असतो. तेवढ्यात ओट्याला बोटं टेकवून टाचा दहा वेळा उचलायच्या. चटई पसरायला नको, कपडे बदलायला नकोत. पोटऱ्यांना ताण जाणवेपर्यंत आल्याचा वास सुटलेला असतो. वाचायचं असेल तर पुस्तक कपाटात नको, उशीवर हवं. रात्रीचा मोबाइल कमी करायचा तर चार्जर दिवाणखान्यात.

नवं काम ज्याला अडकवायचं ती खुंटी मात्र पक्की निवडावी. ‘ऑफिसातून आल्यावर’ ही लोकलने येणाऱ्यांसाठी कच्ची खुंटी. कधी सात, कधी साडेनऊ, आणि आल्यावर अंगात त्राण नाही. दात घासणं, अंघोळ, रक्तदाबाची गोळी, देवापुढचा दिवा ही पक्की.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन गावोगाव प्रचार केला. ते स्वतः रोज घालत. त्यांचं पाहून पहिल्याच दिवशी पन्नास घातले तर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. एक घालावा. गुडघे, पाठ किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एवढ्याने तब्येत सुधारेल का? नाही. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आधी दिवसात जागा पक्की होऊ द्यावी, मिनिटं मग वाढवता येतात.

खाड्याचा हिशेब

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. एक दिवस दूध आलं नाही म्हणून कुणी रतीब बंद करत नाही. महिन्याअखेरी खाडे वजा करून हिशेब होतो. सवयीचंही तसंच धरावं. लॅलींच्या पाहणीतही एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष फरक पडला नाही. म्हणून केलेल्या दिवसांवर टिकमार्क करत बसण्यापेक्षा चुकलेल्या दिवसापुढे नुसता ‘खा’ लिहावा. लागोपाठ चार-पाच खाडे दिसले तर स्वतःला बोल लावू नये, खुंटी बदलून पाहावी. पाहुणे, परीक्षा, आजारपण अशा दिवसांसाठी नेमाचं आणखी लहान रूप ठरवून ठेवावं: दहाऐवजी दोनदा टाचा, चार ओव्यांऐवजी एक.

जानेवारी हुकला तर

रथसप्तमी आहे, पाडवा आहे, आपला वाढदिवस आहे. काहीच नसेल तर येता सोमवार आहे. सुरुवातीची तारीख कुठलीही असो, त्याच दिवशी चार महिन्यांनंतरच्या तारखेलाही कॅलेंडरवर गोल करून ठेवावा. त्या दिवशी तीनच पर्याय: आहे तसं चालू ठेवायचं, थोडं वाढवायचं, किंवा चार महिन्यांनंतरही कंटाळाच येत असेल तर शिरा करून उद्यापन उरकायचं आणि मोकळ्या झालेल्या खुंटीला दुसरं काही अडकवायचं.