जठराच्या वरच्या भागात कॅन्सर : पूर्ण जठर काढावंच लागतं का?

निघोजे (ता. खेड) : पाळी बदलली, जेवणाची वेळ चुकली की पोटात जळजळ होते. मग मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि कामावर जायचं, हे चाकण एमआयडीसीच्या गावांत नेहमीचंच. बहुतेकदा ती साधी ॲसिडिटीच असते. पण घास छातीत अडकू लागला, दोन घासांत पोट भरू लागलं, वजन उतरलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली, तर गोळ्यांवर दिवस काढू नका. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी करून घ्या.

जठराच्या वरच्या भागातल्या कॅन्सरमध्ये सहसा पूर्ण जठर काढून अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. आजार वाढलेला असेल तर आजही बहुधा हेच करावं लागतं, जोडीला केमोथेरपी. त्यानंतर थोडं थोडं, अनेकदा खावं लागतं आणि बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं.

आजार लवकर सापडला तर मात्र जठर वाचू शकतं.

१. गाठ फक्त आतल्या अस्तरात असेल, तर काही रुग्णांत एंडोस्कोपीतूनच तेवढा भाग सोलून काढता येतो. पोट उघडावं लागत नाही.

२. गाठ थोडी खोल असेल, तर जठराचा फक्त वरचा भाग काढतात. यात अन्ननलिकेखालची झडप जाते आणि आम्ल वर येऊन जळजळ होते. म्हणून मध्ये लहान आतड्याचा भाग जोडतात. अन्नाला दोन वाटा मिळतात : एक उरलेल्या जठरात, दुसरी सरळ आतड्यात. याला 'डबल ट्रॅक्ट' म्हणतात. दक्षिण कोरियातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पूर्ण जठर काढलेल्यांपेक्षा या रुग्णांना बी-१२ बाहेरून कमी द्यावं लागलं. हिमोग्लोबिनमध्ये मात्र विशेष फरक दिसला नाही.

कोणता मार्ग योग्य, हे तुकडा तपासणी (बायोप्सी) आणि सीटी स्कॅनवरून ठरतं. जठर वाचवण्याच्या नादात गाठ मागे राहता कामा नये.

ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा : आजार कितव्या टप्प्यात आहे? माझं थोडं जठर ठेवता येईल का? नसेल तर का? शंका असेल तर परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयात दुसरं मत घ्या.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. ईएसआय कार्ड असलेल्या कामगारांनी आधी ईएसआय दवाखान्यात चौकशी करावी.